खवल्यांच्या आतली गोष्ट

७ फेब्रुवारी २०२० रोजी ग्वांगझूच्या दक्षिण चीन कृषी विद्यापीठाने पत्रकार परिषदेत सांगितलं, की खवले मांजरातला कोरोना विषाणू माणसातल्या नव्या विषाणूशी ९९ टक्के जुळतो. हा आकडा विषाणूच्या एका छोट्या भागापुरता होता. पूर्ण जनुकीय क्रम ताडून पाहिला तेव्हा साम्य ९० टक्क्यांच्या आसपास निघालं. पण तोवर बदनामी होऊन गेली होती. त्या गदारोळात या प्राण्याच्या प्रतिकारशक्तीबद्दलचं चार वर्षांपूर्वीचं संशोधन मात्र फारसं कुणी वाचलं नाही.

खवल्यांकडे माणसाचं लक्ष फार आधीपासून गेलं होतं. भारतीय खवले मांजराच्या, म्हणजे आपल्या कोकणात आणि सह्याद्रीत आढळणाऱ्याच जातीच्या, सोनेरी मुलामा दिलेल्या खवल्यांचा अंगरखा १८२० मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याला नजर झाला होता. अभ्यासकांची मात्र या प्राण्यापुढे पंचाईतच झाली. प्राण्यांचं वर्गीकरण करणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये त्याला हत्ती आणि झाडांना लोंबकळणारा स्लॉथ यांच्या गटात टाकलं. पुढे दात नाहीत म्हणून तो अमेरिकेतल्या मुंगीखाऊ आणि कवचधारी आर्माडिलोंच्या पंगतीत बसला. स्वतंत्र गण म्हणून ‘फोलिडोटा’ हे नाव मिळालं ते १९०४ साली, आणि डीएनएची तुलना होऊ लागल्यावर सगळ्यात जवळचे नातलग निघाले मांसाहारी: मांजर, कुत्रा, अस्वल यांचा गण.

आर्माडिलोशी तुलना तशीही फसवीच होती. त्याच्या कवचात हाडाच्या पट्ट्या असतात आणि त्या त्वचेच्या आतल्या थरात तयार होतात. खवले मांजराच्या खवल्यात हाड नसतंच. असतं ते केराटिन, आपल्या नखांचं आणि केसांचंच द्रव्य. अंतस्त्वचेच्या उंचवट्यावरची बाह्यत्वचा ते घडवत राहते. टोकं माती उकरताना झिजतात, तळातून नवी वाढ होत राहते. रचना कौलांसारखी, एकावर एक चढलेली. पोट, गळा, चेहरा आणि पायांची आतली बाजू मात्र उघडी. म्हणूनच धोका दिसला की प्राणी अंगाची गुंडाळी करतो. आशियाई जातींत खवल्यांमधून राठ केसही डोकावतात. वाघ-बिबट्याच्या दातांपुढे ही व्यवस्था टिकते. गोचिडींपुढे नाही: त्या खवल्यांच्या फटीत शिरून निवांत रक्त पितात.

२०१६ मध्ये मलाया विद्यापीठाच्या पुढाकाराने मलायी आणि चिनी खवले मांजरांचे जनुकसंच प्रसिद्ध झाले. दातांचं इनॅमल घडवणारी जनुकं निकामी झालेली सापडली, यात नवल नव्हतं. मुंग्या-वाळवी जिभेने टिपणाऱ्याला दात हवेत कशाला? धक्का बसला तो इंटरफेरॉन-एप्सिलॉनच्या जनुकामुळे. इंटरफेरॉन म्हणजे जंतूंविरुद्ध शरीराला सावध करणारी प्रथिनं. हे इंटरफेरॉन त्वचेच्या आणि श्लेष्मल आवरणांच्या, म्हणजे शरीरातल्या ओलसर अस्तरांच्या, पेशींत तयार होतं. ते जंतूंना प्रवेशद्वाराशीच अडवतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये उंदरांच्या मादीच्या जननमार्गात दाखवलं होतं. तपासलेल्या आशियाई आणि आफ्रिकी, दोन्हीकडच्या खवले मांजरांत ते जनुक मोडकं निघालं. संशोधकांनी तर्क मांडला, की खवल्यांमुळे जखमा कमी होतात, जखमा कमी म्हणजे संसर्गही कमी, आणि त्वचेच्या कमकुवत पहाऱ्याची भरपाई अशी झाली असावी.

तर्क देखणा आहे, पण तो तर्कच. आधी खवले आले की आधी जनुक बिघडलं, हे जनुकसंचावरून कळत नाही. जर्मनीतल्या मेसेलच्या खाणीत सापडलेल्या, सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीच्या ‘इओमॅनिस’ या नातलगाच्या अंगावर खवले आहेत. जीवाश्मात जनुकं मात्र उरत नाहीत. शिवाय २०२० मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी आणखी गळती दाखवून दिली. पेशीत शिरलेल्या विषाणूचा आरएनए ओळखणारं एमडीए-५ हे प्रथिन खवले मांजरांत बनतच नाही, आणि डीएनए ओळखणारी सीजीएएस-स्टिंग यंत्रणाही निकामी आहे. ही प्रथिनं पेशींच्या आत काम करतात. फुप्फुसात गेलेल्या विषाणूपुढे पाठीवरचे खवले काय करणार? त्यामुळे भरपाईची गोष्ट फार तर त्वचेपुरती खरी मानावी, असं मला वाटतं. प्रतिकाराचा जोर कमी असल्याने दाहही कमी होतो आणि विषाणू अंगी बाळगून प्राणी जगू शकतो, अशीही शक्यता बोलली जाते.

बंदिवासात खवले मांजरं न्यूमोनियाने, पोटातल्या व्रणांनी आणि त्वचेच्या विकारांनी पटापट दगावतात, हे प्राणिसंग्रहालयांना जुनंच ठाऊक आहे. पण सगळा दोष जनुकांवर ढकलता येत नाही. मार्च २०१९ मध्ये ग्वांगडोंगमध्ये तस्करांकडून जप्त केलेल्या २१ मलायी खवले मांजरांपैकी १६ मेली, आणि मेलेल्यांच्या फुप्फुसांत सेंडाई विषाणू (उंदरांना श्वसनाचा आजार करणारा) व कोरोना विषाणू यांचे अंश मिळाले. याउलट मलेशियात २००९ ते २०१९ या काळात, म्हणजे व्यापाराच्या साखळीच्या अगदी सुरुवातीला, ताब्यात आलेल्या ३३४ प्राण्यांचे नमुने तपासले तेव्हा कोरोना विषाणू एकातही सापडला नाही. हा संसर्ग पुढे वाटेतच, इतर प्राण्यांकडून किंवा माणसांकडून झाला असावा, असा त्या अभ्यासकांचा निष्कर्ष होता.