अर्ध्या डेसिबलने केलेला घोळ

इंदिरानगरला मित्राच्या घरी वरच्या खोलीत जुन्या गाद्या भिंतीला टेकवून आम्ही अभंग, तबला असं काहीबाही रेकॉर्ड करतो. मध्यंतरी त्याने नवीन ऑडिओ इंटरफेस (माईकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी आणि परत बाहेर देणारी पेटी) घेतला, जुन्याच्या तिप्पट किमतीचा. दोन्हीतून तीच तानपुऱ्याची फाईल वाजवली आणि आम्ही दोघंही एकदमच म्हणालो, अरे काय खुललाय आवाज!

मग मला शंका आली. २०० हर्ट्झचा सूर लावून आउटपुटला मल्टिमीटर धरला तर जुन्यातून १.०० व्होल्ट येतायत आणि नव्यातून १.०६, म्हणजे साधारण अर्धा डेसिबल (आवाजाची पातळी मोजायचं माप) जास्त. गंमत अशी की एवढासा फरक कानाला 'मोठा' असा कळतच नाही, तो 'चांगला' असा कळतो! आम्ही लेव्हल जुळवली (०.१ डेसिबलच्या आत आणायची, नॉबवरच्या रेघा बघून नाही), वहिनींना आमच्या पाठीमागे स्विचवर बसवलं, नाणं उडवून त्या बदलणार आणि आम्ही ओळखणार. १६ पैकी माझे ९ बरोबर आले. नुसत्या अंदाजाने १२ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता ४ टक्क्यांहूनही कमी, म्हणून निदान १२ तरी यायला हवे होते. फरक नाहीच असं यातून सिद्ध होत नाही, पण मघाशी जो 'खुलला' होता तो गेला कुठे?

मोठ्यांचंही हेच होतं बरं का. २००७ मध्ये मेयर आणि मोरान या दोन ऑडिओ अभ्यासकांनी हाय-रिझोल्युशन (सीडीपेक्षा बारकाईने साठवलेल्या) आवाजाच्या वाटेत मुद्दाम सीडीच्या दर्जाचा टप्पा घातला आणि लोकांना ओळखायला लावलं, ५५४ प्रयत्नांत २७६ बरोबर, म्हणजे नाणेफेकच.

आकड्यांचीही मजा आहे. १६ बिटला (आवाजाचा प्रत्येक नमुना सीडीसारखा १६ बिटांत साठवला तर) जवळपास ९८ डेसिबलची रेंज मिळते, म्हणजे सर्वांत बारीक आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर, २४ बिटला कागदावर १४६, पण आवाजाचे आकडे करणारा चांगल्यातला चांगला कन्व्हर्टरसुद्धा १२०-१३० च्या आसपास थांबतो, कारण सर्किटमधल्या रेझिस्टरचे इलेक्ट्रॉन उष्णतेने सतत थरथरत असतात आणि तो नॉईज कुणालाच चुकत नाही. १५० ओहमच्या माईकचा असा नॉईज उणे १३१ डीबीयूच्या (व्होल्टेज डेसिबलमध्ये सांगायचं माप) आसपास भरतो आणि बऱ्यापैकी प्रीअँप (माईकचा बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट) उणे १२८ ला पोचतो, राहिलं काय, ३ डेसिबल. आमच्या खोलीत पंखा बंद केला तरी खालून रिक्षा जाते, तिथे १२८ की १२९ यावर भांडणं म्हणजे निव्वळ टाईमपास. हां, कमी आउटपुटचा डायनॅमिक माईक आणि पुटपुटणारा गायक असेल तर गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) पार वर न्यावा लागतो, तेव्हा प्रीअँपचा फरक खरंच ऐकू येतो.

मग मोजायचं कशाला? तर तीन दिवस रेकॉर्डिंगमध्ये बारीक घुंईं येत होतं आणि आम्ही प्रीअँपला शिव्या घालत होतो. स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज याचा आलेख) उघडला तर ५०, १०० आणि १५० हर्ट्झला सरळ खांब उभे! विजेचीच भुणभुण, अर्थिंगच्या लूपमधून (दोन उपकरणांच्या अर्थिंगने जोडून झालेल्या कडीतून) आलेली. लॅपटॉपचा चार्जर उपसला, खांब गायब. घुंईं कानाने पकडलं होतं, पण ते येतंय कुठून हे कानाला कधीच सांगता आलं नसतं.

इंटरफेस मात्र मित्राने परत केला नाही. त्याला चार इनपुट आहेत आणि तबल्याला दोन माईक लागतात.