लाल कॅनरी हे म्युटेशन नव्हे
कॅनरी हा पिंजऱ्यात पाळला जाणारा छोटा गाणारा पक्षी. ‘लाल कॅनरी म्हणजे पिवळीचंच म्युटेशन’, म्हणजे जनुकात आपोआप झालेला बदल, असं पक्षी विकणारे बेधडक सांगतात. ते चूक आहे. रानातली कॅनरी हिरवट, रेघारेघांची असते. तिच्यातला काळा-तपकिरी रंग म्युटेशनमुळे गेला, म्हणून पिवळी दिसू लागली. पांढरीही म्युटेशनचीच. लाल रंग मात्र बाहेरून आणलेला आहे. १९२०च्या दशकात जर्मनीत पक्षी-अभ्यासक हान्स डुंकर यांनी कॅनरीचे व्हेनेझुएलाच्या लाल सिस्किन या छोट्या लाल पक्ष्याशी संकर घडवले. संकरित माद्या बहुतेक वांझ निघायच्या, म्हणून प्रजननक्षम नरांची जोडी पुन्हा कॅनरी माद्यांशीच लावावी लागे. पिवळ्या रंगद्रव्याचं लाल करणारा सिस्किनकडचा जनुकही २०१६मध्ये सापडला. तो असूनही पिसं झडण्याच्या काळात खाण्यात कॅरोटिनॉइड (अन्नातून मिळणारं पिवळं-नारिंगी रंगद्रव्य) कमी पडलं, तर नवी पिसं फिकट नारिंगी येतात. अशा पक्ष्याला ‘नवीन म्युटेशन’ म्हणून कुणी जादा पैसे मागितले, तर मुळीच देऊ नका.