चावीवाल्याच्या पेटीत टॅबलेट कसा आला

दादर स्टेशनबाहेर छत्रीखाली बसणाऱ्या चावीवाल्याची पेटी एकदा उघडून बघा. वर तारेच्या कड्यात ओवलेल्या कोऱ्या चाव्या, कानस, छोटी हातोडी, शिकंजा. तळाला फडक्यात गुंडाळलेला एक टॅबलेट आणि त्याला जोडायची जाड केबल. कपाटाची चावी तो बसल्या जागी घासून देतो. गाडीची म्हटली की विचारतो, "साधी की चिपवाली?" चिपवाली असेल तर लगेच पुढचं, "गाडी कुठे उभी आहे? आरसी आणलीये का?"

पूर्वी हे कोणी विचारत नसे. चावी हा धातूचा तुकडा होता आणि तिची नक्कल करायला गाडी बघायचीही गरज नव्हती. गाडीची ओळख वेगळी, चॅसिसवर ठोकलेल्या नंबरात. हे दोन्ही धागे कित्येक दशकं एकमेकांना न शिवता चालले आणि गेल्या तीसेक वर्षांत असे गुंतले, की आज चावी बनवायची तर आधी तो नंबर लागतो.

मुंबईला गाड्या जुन्याच. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीला सुट्या भागांतून गाड्या जुळवायला सुरुवात केली. पुढे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरचा कारखाना कुर्ल्यात उभा राहिला. तिथून बाहेर पडलेली फियाट म्हणजेच नंतरची प्रीमियर पद्मिनी, आपली काळीपिवळी. त्या काळच्या कुलपात स्प्रिंगवर बसवलेल्या पातळ पितळी पट्ट्या असत. चावीच्या खाचा जुळल्या की सगळ्या पट्ट्या एका रेषेत येत आणि सिलिंडर फिरे. पट्ट्यांची उंची मोजकीच, म्हणून खाचांचे प्रकारही मोजकेच. त्यात कुलूप झिजलं की शेजारच्या गाडीची चावीही हलवून हलवून लागायची. टॅक्सी स्टँडवर हा विनोदाचा विषय होता, मालकाला मात्र हसू येत नसे.

खरी कमजोरी कुलपाच्या मागे होती. चावीने सुरू होणारी गाडी अमेरिकेत क्रायस्लरने १९४९ साली आणली. त्याआधी चावी फिरवायची आणि स्टार्टरसाठी वेगळं बटण दाबायचं किंवा दांडी ओढायची. पण चावी फिरवल्यावर होत काय असे? दोन-तीन वायरी एकमेकींना भेटत, एवढंच. चोराने कुलपाला हात न लावता त्या वायरी परस्पर जोडल्या की काम झालं. स्टीअरिंग लॉक आलं तेव्हा थोडा अडसर झाला, पण तोही दांडगाईने तुटणारा.

विजेच्या भाषेत चावी ओळखायचा पहिला मोठा प्रयोग जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेटमध्ये केला. चावीच्या पात्यात एक रेझिस्टर बसवला, गाडी त्याचं मूल्य मोजायची आणि जुळलं तरच इंजिन सुरू होऊ द्यायची. कल्पना उत्तम, फक्त मूल्यं होती पंधरा. पंधरा चाव्यांचा जुडगा घेऊन आलेल्या माणसाला वेळ किती लागणार?

खरं वळण आलं ते युरोपात. बर्लिनची भिंत पडल्यावर पूर्वेच्या सीमा खुल्या झाल्या आणि जर्मनीतल्या गाड्या त्या वाटेने नाहीशा होऊ लागल्या. विमा कंपन्या हैराण झाल्या. त्या रेट्यातून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात चिप शिरली. युरोपीय संघाने १९९५ च्या निर्देशाने इमोबिलायझरचा, म्हणजे ओळखीची चावी नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, नियम केला आणि ऑक्टोबर १९९८ पासून तिथल्या नव्या गाड्यांना तो सक्तीचा झाला. ऑस्ट्रेलियाने २००१ मध्ये आणि कॅनडाने २००७ मध्ये तेच केलं. अमेरिकेने सक्ती केली नाही. त्याची किंमत तिथल्या किआ आणि ह्युंदाईच्या हजारो मालकांनी २०२१ नंतर मोजली: इमोबिलायझर नसलेली मॉडेलं पोरं व्हिडिओ बघून पळवू लागली. आपल्याकडे ही चिप कंपन्यांनी नव्या मॉडेलांबरोबर आणली. मारुतीने तिला 'आयकॅट्स' असं नावही दिलं.

ही चिप कशी चालते, ते एकदा नीट समजून घेण्यासारखं आहे. तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी काचेची नळी किंवा काळी चौकोनी वडी, आत तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि एक इवली चिप. बॅटरी नाही. रिमोटचा सेल संपला तरी गाडी सुरू होते ती त्यामुळेच. इग्निशनच्या तोंडाभोवती एक गोल अँटेना असते. चावी फिरवली की ती साधारण १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार करते, चावीतलं वेटोळं त्यातूनच वीज घेतं आणि चिप जागी होते. जुन्या पिढीतली चिप फक्त आपला क्रमांक सांगून गप्प बसे. म्हणजे एकदा ऐकला की नक्कल तयार. पुढच्या पिढीत गाडी दर वेळी एक नवा, अंदाज न येणारा आकडा विचारते. चिप आपल्या पोटातल्या गुप्त किल्लीने गणित करून उत्तर देते, गाडीही तेच गणित आपल्याशी करते आणि उत्तर जुळलं तर इंधन आणि ठिणगी सोडते. एवढं सगळं सेकंदाच्या आत उरकतं. जुळलं नाही तर डॅशबोर्डवर छोटा दिवा लुकलुकत राहतो. काही गाड्यांत इंजिन क्षणभर धडधडून बंदही पडतं, आणि माणूस बॅटरीला शिव्या घालत बसतो.

'चावी प्रोग्राम करणे' म्हणजे काय, हे इथे कळतं. पातं कापणं हा त्यातला सोपा भाग. खरं काम गाडीच्या आतल्या यादीत नवी नोंद करायचं. स्टीअरिंगच्या खाली एक सोळा पिनांचं सॉकेट असतं. ते मुळात धुराच्या तपासणीसाठी आलं, अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या गाड्यांना लागलं आणि भारत स्टेज ४ च्या नियमांबरोबर आपल्याकडेही पसरलं. चावीवाल्याच्या टॅबलेटची केबल तिथेच जाते. गाडी आधी पिन, म्हणजे गुप्त आकडा, मागते, मग 'चाव्या दाखवा' म्हणते. एकेक चावी लावून फिरवायची की तिची नोंद होते. पुष्कळ गाड्यांत नवी नोंद करताना जुनी यादी पुसली जाते, म्हणून घरात राहिलेली दुसरी चावीही हातात लागते. नाहीतर ती संध्याकाळी मुकी झालेली सापडते.

सुरुवातीच्या चिपवाल्या फियाट गाड्यांत, म्हणजे आपल्या काळ्यापिवळीच्या युरोपातल्या नात्यातल्या गाड्यांत, पिनची जागा एका लाल चावीने घेतली होती. ती फक्त बाकीच्या चाव्या नोंदवण्यासाठी. ती हरवली तर चावीचं काम इंजिनाच्या कॉम्प्युटरपर्यंत जायचं. लोक ती लाल चावी इतकी जपून ठेवत, की नेमकी तीच सापडत नसे.

आता नंबराकडे. अमेरिकेतल्या कारखान्यांनी १९५० च्या दशकात गाडीला ओळख क्रमांक द्यायला सुरुवात केली, पण ज्याची त्याची पद्धत वेगळी. १९६९ पासून तिथे तो काचेतून बाहेरून वाचता येईल असा लावणं बंधनकारक झालं. आंतरराष्ट्रीय मानक आलं १९७७ मध्ये, आणि अमेरिकेने १९८१ च्या मॉडेलांपासून सतरा अक्षरी क्रमांक पक्का केला. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं त्यात नसतात, एक आणि शून्याशी गल्लत होते म्हणून. पहिली तीन अक्षरं कारखान्याची: एमए३ दिसलं की मारुती, एमएटी म्हणजे टाटा, एमएएल म्हणजे ह्युंदाई. मधली सहा अक्षरं गाडीचा प्रकार सांगतात. त्यातलं शेवटचं, म्हणजे नववं, अमेरिकेत ताळा असतं: बाकीच्या अक्षरांना ठरावीक वजनांनी गुणून, बेरजेला अकराने भागून उरलेली बाकी. बाकी दहा आली तर एक्स. एखादं अक्षर चुकून वेगळं लिहिलं तर ताळा जुळत नाही. दहावं अक्षर वर्षाचं: २०१० ला ए, २०१८ ला जे, २०२५ ला एस, आणि तीस वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून. सेकंड हँड गाडी घेताना ते वाचता आलेलं बरं. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत पासिंग करून 'नव्या सालची' म्हणून विकली जाते, तेव्हा हे अक्षर बऱ्याचदा खरं बोलतं.

आपल्याकडे चॅसिस आणि इंजिन नंबर ठोकण्याची सक्ती केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२२ व्या नियमाने आहे. ताडदेव, अंधेरी किंवा वडाळ्याच्या आरटीओबाहेर कधी उभे राहिला असाल, तर गाडी नावावर करताना एजंट बॉनेट उघडून, नंबरावर कागद धरून पेन्सिल घासताना दिसला असेल. शिशाच्या काळ्या पट्ट्यात अक्षरं पांढरी उमटतात. त्या छापेचा अर्थ इतकाच, की कागदावरची गाडी आणि समोरची गाडी एकच आहे. सगळं 'वाहन'च्या ऑनलाइन नोंदीत गेल्यावरही ती पेन्सिल मला भारी विश्वासाची वाटते.

नंबर घासून टाकला तरी तो सहजी मरत नाही. पंच मारताना अक्षराखालचं लोखंडही दबलेलं असतं. पृष्ठभाग गुळगुळीत करून योग्य आम्लाचं द्रावण लावलं, की दबलेला भाग वेगळा कोरला जातो आणि अक्षरं धूसर का होईना वर येतात. कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत अशा कामाचा सराव आहे. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरखाली फेब्रुवारी १९९३ मध्ये स्फोट झाला, तेव्हा ढिगाऱ्यातल्या एका तुकड्यावरच्या अशाच क्रमांकाने भाड्याच्या व्हॅनपर्यंत आणि तिथून आरोपीपर्यंत नेलं. दोन आठवड्यांनी, १२ मार्चला, मुंबईत बॉम्बस्फोट झाले, तेव्हा वरळीला सोडून दिलेल्या मारुती व्हॅनच्या नोंदणीने पोलीस माहीमला मेमन कुटुंबाच्या दारात पोचले.

दोन धागे जुळले ते कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये. पूर्वी नव्या गाडीच्या चावीसोबत छोटी पत्र्याची पट्टी मिळायची, तिच्यावर चावीचा नंबर. पट्टी हरवली की प्रश्नच मिटला. पुढे पात्याचा नंबर आणि इमोबिलायझरचा पिन, दोन्ही चॅसिस नंबराखाली साठवले जाऊ लागले. सर्व्हिस सेंटरला नंबर आणि मालकीचे कागद दिले की ते मागवता येतात. म्हणजे ज्या नंबराचा उपयोग चोरी उघड करायला होत होता, तोच आता चावी मिळवायचं साधन झाला. चावीवाला आरसी मागतो ती त्यासाठी, आणि ज्याने मागितली नाही त्याच्याकडून मी चावी करून घेणार नाही.

गणितंही कायमची टिकली नाहीत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपमधली गुप्त किल्ली ४० बिटांची होती. २००५ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ती फोडून दाखवली. मेगामॉस या दुसऱ्या एका चिपमधली कमजोरी दाखवणारा शोधनिबंध २०१३ मध्ये ब्रिटनच्या कोर्टाने अडवला, तो २०१५ मध्ये बाहेर आला. बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांत तर गणित फोडायचीही गरज नाही. घरात टांगलेल्या चावीचा सिग्नल दोन पेट्यांतून पुढे ढकलत गाडीपर्यंत नेता येतो, हे २०११ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर करून दाखवलं.

माझ्या डोक्यात हे सगळं शिरलं ते मागच्या पावसाळ्यात, लोकलच्या गर्दीत गाडीची चावी गेली तेव्हा. गाडी सेकंड हँड, विकणाऱ्याने दोन चाव्या दिलेल्या. सर्व्हिस सेंटरने आठवडा सांगितला, म्हणून आरसी आणि उरलेली चावी घेऊन चावीवाल्याला सोसायटीत आणलं. त्याने आरसीचा फोटो काढला, वहीत चॅसिस नंबर लिहिला, केबल लावली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"साहेब, तुमच्याकडे चाव्या होत्या किती?"

"दोन. एक गेली."

"इथे तीन दाखवतंय."

तिसरी कोणाकडे होती, ते विकणाऱ्याला फोन करूनही कळलं नाही. चावीवाल्याने यादी पुसली. माझी जुनी चावी नोंदवली, मग नवी. दिवा लुकलुकायचा थांबला. स्क्रीनवर आकडा आला: २.