पेंड्रिनचा पत्ता

1896 साली इंग्लंडमधल्या डरहम गावचे डॉक्टर वॉन पेंड्रेड यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला दोन बहिणींची हकिगत कळवली. दोघी मूकबधिर आणि दोघींना गलगंड. गळ्याच्या या गाठीचा कानाशी काय संबंध? जबाबदार जनुक हाती लागायला 1997 उजाडलं. त्या जनुकापासून बनणारं प्रथिन म्हणजे पेंड्रिन.

पेंड्रिन हे पेशीच्या पडद्यातलं देवाणघेवाणीचं फाटक. एक क्लोराइड आत घ्यायचा, एक बायकार्बोनेट बाहेर सोडायचा. थायरॉइडमध्ये ते आयोडाइडची ने-आण करतं, त्यामुळे गलगंडाचा उलगडा लगेच होतो. कानाचं कोडं जास्त गमतीचं आहे.

आवाजाचा विद्युत संदेश होतो तो शंखिकेतल्या, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या गुंडाळलेल्या नळीतल्या, केसपेशींत; या पेशींच्या टोकाला केसांसारखे बारीक तंतू असतात. पेंड्रिनचं भावंड प्रेस्टिन तिथेच, बाहेरच्या केसपेशींत सापडतं. म्हणून पेंड्रिनही तिथेच असेल असं कुणालाही वाटेल. पण उंदरांच्या कानात शोधलं तर केसपेशींत त्याचा मागमूस नाही! ते दिसलं शंखिकेच्या बाहेरच्या भिंतीलगत, तोल सांभाळणाऱ्या भागांत संवेदी पेशींच्या शेजारी, आणि एंडोलिम्फच्या पिशवीत. एंडोलिम्फ हा शंखिकेतला पोटॅशियमने भरलेला द्रव. त्याची एक बारीक नळी हाडातल्या बोगद्यातून निघून मेंदूच्या आवरणापाशी पोचते आणि तिथे तिची पिशवी होते. ऐकण्याच्या जागेपासून हे चांगलंच आडबाजूला.

पेंड्रिन नसेल तर वाढत्या कानात हा द्रव साचतो, आम्लधर्मी होतो आणि पोकळ्या फुगतात. केसपेशी ज्या सुमारे 80 मिलिव्होल्टच्या विद्युतदाबावर चालतात, तोही पडतो. बोगदा रुंद राहतो. मध्यावर तो 1.5 मिलिमीटरपेक्षा मोठा दिसला की सीटी स्कॅन वाचणारे डॉक्टर सावध होतात.

2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पेंड्रिन नसलेल्या उंदरांना ते फक्त पिशवीत परत दिलं. शंखिकेत नाही, तोलाच्या भागांतही नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! पण इथे आग विझली: उंदीर ऐकू लागले, तोलही सांभाळू लागले. वेळ मात्र गाठावी लागते. त्याआधी 2011 मध्ये दिसलं होतं, की उंदराच्या गर्भात साधारण सोळाव्या दिवसापासून जन्मानंतरच्या दुसऱ्या दिवसापर्यंत पेंड्रिन मिळालं, तर पुढे ते बंद केलं तरी कान चालतो. माणसाचं बाळ तर आईच्या पोटातच ऐकू लागतं, म्हणजे ही मुदत बहुधा बारशाच्या कितीतरी आधी संपलेली असते.