पाळीव सरीसृपांची पशुवैद्यकीय देखभाल (पुणे)

घरी पाळलेल्या कासव, इग्वाना, विदेशी साप यांसारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांची निगा नोंदणीकृत पशुवैद्याच्या सल्ल्याने राखण्याची पद्धत. कात्रजचे सर्पोद्यान १९८६ मध्ये सुरू झाले आणि अनेक पुणेकरांनी सरीसृप जवळून पाहिले ते तिथेच. घरांतून दिसते ते बहुधा रेड-इअर्ड स्लायडर, म्हणजे लाल कानपट्टीचे अमेरिकी कासव. दुकानात ते नाण्याएवढे असते. पुढे फूटभर वाढू शकते आणि वीस-तीस वर्षे जगते. तारा कासवासारख्या भारतीय जाती पाळणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे.

या प्राण्यांचे पचन, प्रतिकारशक्ती, औषध अंगी लागणे, सारे बाहेरच्या उबेवर चालते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांजवळ उतरतो, कासव खाणे सोडते आणि ‘थंडीत असंच असतं’ म्हणून घरचे थांबतात. हे थांबणेच सर्वांत घातक. सरीसृप दुखणे लपवतो. ते दिसू लागते तोवर बरेच दिवस गेलेले असतात.

तपासणी टेबलावर सुरू होते, पण निदान बरेचदा घरच्या टाकीत सापडते. डोळे सुजून मिटलेले कासव जुन्या टॉवेलवर ठेवून डब्यातून आणले जाते. डॉक्टर आधी त्याचे वजन करतात, अंगठ्याने कवच हलकेच दाबून पाहतात आणि विचारतात, “टाकीचा फोटो आहे का? खायला काय देता?” नुसती सुकी कोळंबी, हे उत्तर आले की ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची शंका येते. मोठ्या कासवाचे कवच दबले, तर कॅल्शियम आणि यूव्हीबी किरण (उन्हातले एक प्रकारचे अतिनील किरण) कमी पडल्याची. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन इथे उपयोगाचे नाही, कारण काच हे किरण अडवते. यूव्हीबी दिवाही उजेड देत राहतो, पण त्यातले किरण काही महिन्यांत क्षीण होतात. म्हणून तो न बिघडताही बदलावा लागतो.

घरगुती डॉक्टरकी मात्र कधीच करू नये. कुत्र्यांना दिले जाणारे आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचे औषध कासवाचा जीव घेऊ शकते. शरीराच्या मागच्या भागातले रक्त मूत्रपिंडांतून जात असल्यामुळे तिथे दिलेले औषध अंगात पसरण्याआधीच बाहेर पडू शकते, म्हणून इंजेक्शनही सहसा पुढच्या पायात देतात.

पशुवैद्यकाच्या पदवीत मुख्य भर गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या आणि कुत्र्यांवर असतो. त्यामुळे राज्य पशुवैद्यक परिषदेची नोंदणी पाहावीच, शिवाय ‘तुम्ही सरीसृप नेहमी बघता का?’ हे फोनवरच विचारावे. चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही. प्राणी घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच, तो धडधाकट असताना, एक भेट घ्यावी. त्या दिवशीचे वजन वहीत टिपले की पुढची घट लगेच कळते. सोबत ताजी विष्ठा डबीत न्यावी, जंतांसाठी ती तपासतात. निरोगी दिसणारे कासवही साल्मोनेला हे माणसाचे पोट बिघडवणारे जिवाणू बाळगू शकते. त्याला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि टाकी स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये धुऊ नये.