बुंदीनं चिकन का नाकारलं?

रविवारी सकाळी सात वाजता रंकाळ्याजवळच्या एका मैदानावर आठ कुत्री ‘बस’ शिकत होती आणि आमची बुंदी माझ्या पायामागं थरथरत उभी होती. मी तिच्या नाकापुढं उकडलेल्या चिकनचा तुकडा धरला. घरी फ्रिजचं दार वाजलं तरी याच तुकड्यासाठी ती धावत येते. इथं तिनं मान फिरवली. शेजारचे काका म्हणाले, “हट्टी हाय ओ तुमचं कुत्रं. एक दिवस उपाशी ठेवा, मग बघा कसं खातंय.”

हट्ट नव्हता तो. तिच्या शरीरानं त्या वेळेपुरतं खाण्याचं खातंच बंद केलं होतं.

धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डाला हा भाग इशारा देतो आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी अॅड्रिनलिन सोडतात. ठोके वाढतात, पोटाकडचं रक्त स्नायूंकडं वळतं, तोंड कोरडं पडतं. पळायचं की लढायचं हे ठरायचं असताना पचन थांबू शकतं. बोर्डाच्या पेपरच्या सकाळी आपल्या घशाखाली पोहे उतरत नाहीत, तेही यामुळंच. कुत्र्यानं आवडता खाऊ नाकारला, तर भीती फार वर गेली आहे असं समजावं. बहुतेक वेळा त्याच्या आधी बारीक खुणा दिसतात. झोप आलेली नसताना जांभई, उगाच ओठ चाटणं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, शेपूट पोटाशी घेणं. मी त्या सगळ्या पाहिल्या होत्या, पण ओळखल्या नव्हत्या. याचं आजही वाईट वाटतं.

इव्हान पावलोव्ह मुळात पचनाचे अभ्यासक. १९०४चं नोबेल त्यांना त्याच कामासाठी मिळालं. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांना अन्न तोंडात पडण्याआधीच, ते आणणाऱ्या माणसाची चाहूल लागताच लाळ सुटायची. लाळ सोडायची असं कुत्रं ठरवत नाही. एका गोष्टीमागं दुसरी येते, हे त्याच्या शरीराला कळलेलं असतं. भीतीचंही तसंच आहे. ओरडून ती जात नाही. आणि घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर त्याची भीती वाढते, ही समजूतही सोडून द्यावी. ठरवून न केलेल्या गोष्टीला बक्षीस कसं लागू पडणार?

मग भीती उतरवायची कशी? १९२४मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या लहानग्याची सशाची भीती घालवली, त्याची हकिकत प्रसिद्ध झाली. पीटर आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा आणि रोज थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला.

आमच्या ट्रेनर सरांनी बुंदीसाठी हेच केलं. आम्हाला थेट गेटपर्यंत मागं नेलं. मैदानातली कुत्री तिथून दिसत होती, पण त्यांचं दडपण येत नव्हतं. तीसेक पावलं मागं आल्यावर तिनं चिकन घेतलं. सर म्हणाले, “हाच तुमचा वर्ग.” तालमीत नव्या पोराला कोणी पहिल्याच दिवशी खासबागेत उतरवत नाही, आधी मातीची सवय होऊ देतात.

इथं क्रम फार महत्त्वाचा. आधी दुसरं कुत्रं दिसलं पाहिजे, मग खाऊ. ते नजरेआड झालं की खाऊ बंद. उलट केलं, म्हणजे दर वेळी खाऊ आधी आणि कुत्रं नंतर आलं, तर चिकनच धोक्याची वर्दी ठरू शकतं. मी पहिल्या दिवशी हीच चूक केली होती.

बुंदी आम्हाला गंगावेशीत सापडली तेव्हा सात महिन्यांची होती. पिल्लाचा मेंदू माणसं, आवाज, इतर प्राणी सहज स्वीकारतो तो काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्याचा. तिचा तो कसा गेला, देव जाणे. नंतरही कुत्रं शिकतं, पण हळू. अचानक भित्रं झालेल्या कुत्र्याला मात्र आधी डॉक्टरांकडं न्यावं, कारण दुखण्यानंही भीती वाढते.

पट्ट्याला हिसका देऊन शिकवणाऱ्या वर्गात मी बुंदीला कधीच नेणार नाही. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २०२०मध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिसके आणि ओरडा जास्त असलेल्या वर्गांतल्या कुत्र्यांत ताणाच्या खुणा जास्त होत्या, आणि वर्गानंतर त्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही जास्त वाढलेलं सापडलं. गुरगुरण्याबद्दलही कुत्र्याला मारू नये. गुरगुरणं ही सूचना असते. ती दाबली तर पुढच्या वेळी ते न सांगता चावू शकतं.

चौथ्या रविवारी आम्ही दहा पावलांवर होतो. समोरचा लॅब्रॅडॉर जोरात भुंकला. बुंदीचे कान ताठ झाले, तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि मग मान वळवून माझ्या खिशाकडं. ‘बस’ आम्ही पाचव्या रविवारी सुरू केलं.