हजेरीची वही आणि न दिसणारी वही

सोलापुरात रिक्षावाल्याला ‘सेटलमेंट’ म्हटलं की पुरतं. कुठली, कसली, असं कुणी विचारत नाही. नाव इतकं अंगवळणी पडलंय की ते मुळात एका तारेच्या कुंपणाचं नाव होतं, हे नव्या पिढीला सांगावं लागतं. सरकारी पाळतीची गुपितं फोडणाऱ्यांबद्दल लिहायचं तर सुरुवात मला तिथूनच करावीशी वाटते.

१८७१ मध्ये ब्रिटिशांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला आणि कैकाडी, पारधी, भामटा, कंजारभाट अशा कितीतरी समाजांवर जन्मापासूनच गुन्हेगाराचा शिक्का बसला. सोलापूरच्या वसाहतीत तारेच्या कुंपणाआड ही कुटुंबं राहायची आणि गिरण्यांत राबायची. ठरल्या वेळी हजेरी, बाहेर जायचं तर पास. हजेरी चुकणं हाच गुन्हा, चोरी केली की नाही हा प्रश्नच नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून गेला आणि हे समाज ‘विमुक्त’ झाले.

त्या व्यवस्थेत एक गोष्ट मात्र उघड होती. वही समोर होती. आपलं नाव कोण पुकारतो, कधी पुकारतो, न गेल्यास काय होतं, हे ज्याच्यावर पाळत होती त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून त्याला ती नाकारता आली, तिच्याविरुद्ध बोलता आलं, आणि पुढे तो कायदा जावा असा आग्रहही धरता आला. जुलूम तो जुलूमच, त्याचं समर्थन करण्याचा प्रश्न येत नाही. पण त्यानंतरची पाळत निराळ्या जातीची आहे. तिची वही तुम्हाला दिसत नाही. आणि जी वही दिसत नाही तिच्याविरुद्ध तक्रार कशी करायची, या एका अडचणीतून गुपित फोडणाऱ्यांचा सगळा इतिहास निघतो.

१८४४ साली लंडनमध्ये राहणाऱ्या मॅझिनीला, ज्याला आपल्याकडच्या कितीतरी क्रांतिकारकांनी गुरू मानलं त्या इटालियन देशभक्ताला, आपली पत्रं टपालात उघडली जातात असा संशय आला. त्याने स्नेह्यांना सांगून पाकिटात खसखशीचे दाणे, वाळूचे कण, केस घालून पत्रं मागवली. पत्रं आली, दाणे नव्हते. एवढा पुरावा घेऊन त्याची तक्रार खासदार थॉमस डनकोंब यांनी संसदेत मांडली. गदारोळ झाला, दोन्ही सभागृहांच्या समित्या बसल्या आणि टपाल खात्यातली पत्रं फोडणारी गुप्त शाखा बंद झाली. पाळतीत असलेल्या माणसाने स्वतःच पाळत पकडल्याची अशी उदाहरणं फार थोडी. टेलिफोनच्या तारेत खसखस घालता येत नाही. तिथे काय चाललंय हे आतलाच कुणीतरी सांगू शकतो, नाहीतर कुणी आत शिरून कागद काढू शकतो.

आत शिरण्याचा प्रकार ८ मार्च १९७१ च्या रात्री अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया नावाच्या छोट्या गावात घडला. महंमद अली आणि जो फ्रेझर यांच्या मुष्टियुद्धाकडे सगळ्यांचे कान लागलेले असताना आठ जणांनी एफबीआयच्या कार्यालयाचं दार उघडून फायली पळवल्या. त्या फायली वर्तमानपत्रांकडे गेल्या. त्यातूनच ‘कॉइंटेलप्रो’ हे नाव बाहेर आलं. युद्धविरोधी विद्यार्थी आणि कृष्णवर्णीय संघटनांवर पाळत ठेवणारी, त्यांच्यात फूट पाडणारी मोहीम होती ती. मार्टिन ल्यूथर किंग यांनाही एफबीआयने सोडलं नव्हतं. १९७५ मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखाली सिनेटची चौकशी समिती बसली आणि १९७८ मध्ये परदेशी हेरगिरीसाठीच्या टॅपिंगवर न्यायालयाची देखरेख आणणारा कायदा झाला. त्या आठांपैकी बहुतेकांनी आपली नावं २०१४ साली सांगितली. त्रेचाळीस वर्षं ते गप्प राहिले. कुलूप फोडणं हा गुन्हाच होता. पण त्या कुलपामागे काय होतं ते पाहिल्यावर मला त्यांना चोर म्हणवत नाही.

२०१३ चा घटनाक्रम मात्र सावकाश सांगायला हवा, कारण न दिसणाऱ्या वहीची अडचण इतकी स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. २६ फेब्रुवारीला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल आणि इतरांचा पाळतीविरुद्धचा दावा पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला. कारण काय, तर तुमच्यावर खरोखर पाळत आहे हे तुम्ही दाखवू शकत नाही. कसं दाखवणार? तेच तर गुपित होतं. पुढच्याच महिन्यात, १२ मार्चला, गुप्तचर प्रमुख जेम्स क्लॅपर यांना सिनेटमध्ये विचारलं गेलं की कोट्यवधी अमेरिकनांची माहिती गोळा केली जाते का. त्यांनी नाही म्हटलं, जाणूनबुजून तर नाहीच. ५ जूनला ‘गार्डियन’मध्ये व्हेरायझन कंपनीला दिलेला गुप्त न्यायालयीन आदेश छापून आला. कंपनीने सगळ्या ग्राहकांच्या कॉलची नोंद, म्हणजे कुणी कुणाला किती वेळ फोन केला याची माहिती, रोजच्या रोज द्यायची. चार दिवसांनी हाँगकाँगमधून एडवर्ड स्नोडेन या एकोणतीस वर्षांच्या कंत्राटी तंत्रज्ञाने सांगितलं की कागद मी दिले.

मग त्याच देशातल्या नागरी हक्क संघटनेने पुन्हा न्यायालय गाठलं. आता तुमच्यावर पाळत आहे कशावरून, या प्रश्नाला उत्तर होतं, कारण संघटना स्वतः व्हेरायझनची ग्राहक होती आणि आदेश छापून आला होता. मे २०१५ मध्ये अपील न्यायालयाने ही सरसकट गोळाबेरीज कायद्यात बसत नाही असं सांगितलं, जूनमध्ये नवा कायदा करून ती थांबवली गेली, आणि २०२० मध्ये आणखी एका अपील न्यायालयाने ती बेकायदाच होती असं म्हटलं. फेब्रुवारीत दार बंद, दोन वर्षांनी तेच दार उघडं. मधे एका माणसाने कागद बाहेर काढले, एवढाच फरक.

आपलाही त्यात संबंध होता. त्या कागदांतल्या एका नकाशानुसार मार्च २०१३ या एका महिन्यात भारतातून सुमारे ६३० कोटी नोंदी गोळा झाल्या होत्या आणि या यादीत आपला देश पाचवा होता. त्यावर दिल्लीने आवाज चढवला नाही. ही खरी हेरगिरी नव्हे, अशा अर्थाचं उत्तर आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी दिलं, आणि स्नोडेनचा आश्रयाचा अर्ज जुलैच्या सुरुवातीलाच नाकारला गेला. त्या वेळीही मला हे लागलं होतं, आजही लागतं.

याचा अर्थ स्नोडेनचं सगळंच बरोबर होतं असा नाही. नागरिकांवरच्या पाळतीबद्दल त्याने सांगितलं ते सांगायलाच हवं होतं. पण हाँगकाँगमध्ये असताना अमेरिका चीनमधल्या कोणत्या संगणकांत शिरते हे तिथल्या वर्तमानपत्राला सांगणं मला पटत नाही. दुसऱ्या राज्याच्या हालचालींवर नजर ठेवणं हे हेरखात्याचं कामच आहे, आपल्याकडेही ते चालतं आणि चालावं. अमेरिकी काँग्रेसच्या समितीने २०१६ मध्ये असा ठपका ठेवला की त्याने सुमारे १५ लाख कागद उचलले आणि त्यातल्या बहुतेकांचा नागरिकांच्या खासगीपणाशी संबंध नव्हता. समिती सरकारच्या बाजूची म्हणून हे बाजूला सारता येत नाही. किती उचललं, कुणाच्या हाती दिलं, त्यातून कुणाचा जीव धोक्यात येतो, हे प्रश्न गुपित फोडणाऱ्यालाही सुटत नाहीत.

या कसोटीवर मला कॅथरिन गन जास्त जवळची वाटते. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या हेरसंस्थेतली भाषांतरकार. इराक युद्धाआधी, २००३ मध्ये, संयुक्त राष्ट्रांतल्या प्रतिनिधींचे फोन आणि मेल चोरून ऐकायला मदत करा असा अमेरिकेकडून आलेला एकच ईमेल तिने बाहेर दिला. पळाली नाही, मीच दिला असं कबूल केलं. फेब्रुवारी २००४ मध्ये खटला सुरू होताच सरकारी पक्षाने तो सोडून दिला. युद्ध थांबलं नाही. नोकरी गेली ती गेलीच.

आतल्या आत तक्रार करायची होती, असं म्हणणाऱ्यांनी थॉमस ड्रेकचं काय झालं ते पाहावं. अमेरिकेच्या एनएसए या हेरसंस्थेतला हा वरिष्ठ अधिकारी आधी वरिष्ठांकडे, मग काँग्रेसच्या समितीकडे गेला आणि शेवटी एका पत्रकाराकडे. २०१० मध्ये त्याच्यावर दहा गंभीर आरोप लागले, २०११ मध्ये एका किरकोळ कबुलीवर प्रकरण मिटलं. तोवर नोकरी आणि निवृत्तिवेतन गेलं होतं, आणि तो अ‍ॅपलच्या दुकानात काम करत होता. स्नोडेनने ड्रेकचं उदाहरण डोळ्यांसमोर होतं असं सांगितलंय. तो आज रशियात आहे, २०२२ पासून तिथला नागरिक.

आपल्याकडचा पाया २०२४ पर्यंत १८८५ चा तार कायदा होता. सोलापूरच्या वेशीला लागून असलेल्या कर्नाटकात १९८८ मध्ये फोन टॅपिंगच्या प्रकरणातच मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना पद सोडावं लागलं. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले. आदेश गृहसचिवांचा, मुदत दोन महिने, जास्तीत जास्त सहा, आणि वर आढावा समिती. समितीत सगळे सचिवच, न्यायाधीश एकही नाही. ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही कळवायचं नाही. आणि २००७ च्या नियमांत तर या आदेशांच्या नोंदी, कामाच्या नसतील तर, दर सहा महिन्यांनी नष्ट करायला सांगितलं होतं. सेटलमेंटची हजेरीवही निदान कुठल्यातरी दप्तरात राहिली असेल. ही वही जाळूनच टाकायची.

मग २०२१ मध्ये पेगासस या फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या प्रणालीचं प्रकरण आलं तेही बाहेर फुटलेल्या ५० हजार फोन क्रमांकांच्या यादीतूनच. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले, पाचांत घातक प्रणाली सापडली, ती पेगाससच होती असं ठामपणे सांगता आलं नाही. केंद्र सरकारने सहकार्य केलं नाही, हे सरन्यायाधीशांनी ऑगस्ट २०२२ मध्ये भर न्यायालयात सांगितलं.

दुसऱ्या बाजूला १९२३ चा सरकारी गुपितं कायदा अजून जागेवर आहे. पत्रकार इफ्तिखार गिलानी यांना २००२ मध्ये त्याखाली पकडलं, सात महिने तिहारमध्ये ठेवलं, आणि शेवटी निघालं की तो कागद आधीच सगळ्यांना मिळण्याजोगा होता. २०२१ मध्ये महाराष्ट्रात पोलिसांच्या बदल्यांबाबतचा, टॅप केलेल्या फोनवर आधारलेला गोपनीय अहवाल बाहेर आला, तेव्हाही अज्ञात व्यक्तींवर याच कायद्याने गुन्हा नोंदला गेला. एप्रिल २०१९ मध्ये राफेलच्या फुटलेल्या कागदांबाबत सर्वोच्च न्यायालयाने वेगळी वाट दाखवली होती. कागद कसा आला यापेक्षा तो विषयाला धरून आहे का ते पाहू, असं न्यायालय म्हणालं. पण ते न्यायालयात कागद वाचण्यापुरतं. कागद आणणाऱ्याला त्यातून अभय मिळत नाही.

मराठीत अशा माणसाला दोन शब्द आहेत. एक घरभेदी. दुसरा जागल्या, रात्री गाव झोपलेलं असताना जागा राहून हाळी देणारा. गावाची ही राखण कितीतरी ठिकाणी रामोशी करत. तोच रामोशी समाज आज विमुक्त जातींच्या यादीत आहे.

जागल्यांना संरक्षण देणारा कायदा आपल्या संसदेने केला, ९ मे २०१४ रोजी त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. केंद्र सरकार राजपत्रात जाहीर करेल त्या तारखेपासून तो लागू होईल, असं त्याच्या पहिल्याच कलमात आहे. ती तारीख अजून जाहीर झालेली नाही.